मानसिक आरोग्यसेवेसाठी अनुदान: प्रस्तावात काय मागावं आणि हमखास काय राहून जातं

रानजाई

मानसिक आरोग्यसेवा लोकांच्या जवळ नेणाऱ्या छोट्या संस्थांच्या प्रस्तावांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. गरज किती मोठी आहे यावर चार पानं खर्ची पडलेली असतात, आणि एकदा आलेला माणूस दुसऱ्यांदा यावा म्हणून काय करणार यावर दोन ओळी. गरज पटलेली असते म्हणूनच तर अर्ज मागवलेले असतात. जगभरात ९७ कोटी लोक मानसिक आजारांसह जगतात, हा जागतिक आरोग्य संघटनेचा २०१९ सालचा आकडा प्रस्ताव वाचणाऱ्याला पाठ असतो. 'एक डॉलर घातला की चार डॉलर परत' हेही तसंच. तो हिशेब नैराश्य आणि चिंताविकारांवरचे उपचार ३६ देशांत २०१६ ते २०३० या काळात वाढवत नेले तर काय होईल, याचा होता. दीड वर्षाच्या, एका वस्तीपुरत्या प्रकल्पाला तो जसाच्या तसा चिकटवला की वाचणारा सावध होतो आणि पुढचे आकडेही संशयाने वाचतो.

गरजेला अर्धं पान पुरे. सध्या कोणती सेवा आहे, किती अंतरावर, आठवड्यातून किती दिवस, पहिली भेट मिळायला किती आठवडे लागतात, आणि कोणते लोक तिथपर्यंत पोहोचतच नाहीत, एवढं लिहा.

उरलेली जागा माणूस सेवेत येतो, टिकतो आणि बाहेर पडतो त्या वाटेला द्या. उदाहरणादाखल आकडे घेऊ. १,००० जणांची प्राथमिक चाचणी झाली. १२० जणांना पुढच्या मदतीची गरज दिसली. ७० जण भेटीला तयार झाले, ४५ जण खरोखर आले, आणि चार किंवा जास्त सेशन २५ जणांनी पूर्ण केली. बहुतेक प्रस्ताव १,००० चे २,००० करायला पैसे मागतात. पैसे मागायला हवेत १२० आणि ४५ यांच्या मधल्या गळतीसाठी. चाचणीच्याच दिवशी पहिली भेट, ओळखीच्या आरोग्यसेविकेने माणसाला समुपदेशकापर्यंत स्वतः नेऊन सोडणं, प्रवासखर्च, संध्याकाळची वेळ, लहान मूल सोबत असेल तर ते सांभाळायला कुणीतरी, आदल्या दिवशी आठवणीचा फोन. यातल्या प्रत्येकाला बजेटमध्ये स्वतंत्र ओळ हवी, नाहीतर ते होत नाही.

आठवणीच्या फोनबद्दल एक महत्त्वाचं. घरात फोन एकच असतो, तो कुणीही उचलतो. मेसेजमध्ये संस्थेचं नाव किंवा 'समुपदेशन' हा शब्द नको. "उद्या ४ ची भेट लक्षात असू द्या" एवढंच. कोणत्या नंबरवर, कोणत्या वेळी फोन केलेला चालेल, हे पहिल्याच भेटीत विचारून नोंदवायचं.

अबोली

फार उपयोगी धागा. एक प्रश्न: दोन पूर्णवेळ समुपदेशक असतील तर वर्षाला किती लोकांचं उद्दिष्ट लिहावं? अर्जात 'अपेक्षित लाभार्थी' असा रकाना असतो. आकडा लहान दिसला तर अर्ज मागे पडेल या धास्तीने तो फुगवला जातो.

ताळेबंद

अबोली, उलटा हिशेब करा. सेवा देण्याचे तास आधी मोजा, मग माणसं.

एक पूर्णवेळ समुपदेशक आठवड्याला ५० मिनिटांची २० सेशन नीट घेऊ शकतो. बाकीचा वेळ नोंदी, फोन, रेफरल (दुसऱ्या सेवेकडे पाठवणं), सुपरव्हिजन (अनुभवी तज्ज्ञाची कामावरची देखरेख) आणि प्रवासात जातो. कागदावर ३० सेशन बसतात, पण तसं तीन महिने चाललं की नोंदी मागे पडायला लागतात आणि वर्षाच्या आत माणूस नोकरी सोडतो. ५२ आठवड्यांतून रजा, सुट्ट्या, आजारपण, प्रशिक्षण वजा केलं की ४४ उरतात. २० गुणिले ४४ म्हणजे ८८० वेळा. चारातला एक जण ठरलेल्या वेळी येत नाही असं धरा, राहिली ६६० सेशन. एका व्यक्तीमागे सरासरी चार सेशन धरली तर १६५ माणसं.

पहिल्या वर्षात भरती आणि प्रशिक्षणाचे तीन महिने जातात. म्हणजे ४९५ सेशन, साधारण १२४ माणसं. दोन समुपदेशकांना मिळून पहिल्या वर्षी २५० च्या आसपास, दुसऱ्या वर्षी ३३०.

आता कुणी पहिल्या वर्षाचं उद्दिष्ट १,००० लिहिलं तर काय होतं बघा. दोघांची मिळून सेशन होतात ९९०. म्हणजे माणसामागे एक भेटसुद्धा पुरती येत नाही. अनुभवी परीक्षक हा भागाकार पेन्सिलीने समासातच करतो. हा हिशेब प्रस्तावात पाच ओळींत उघड मांडा, लहान आकडा मग कमजोरी वाटत नाही. आणि दोन रकाने वेगळे ठेवा: 'संपर्कात आलेले' आणि 'सेवा मिळालेले'. शिबिरात पत्रक घेऊन गेलेला माणूस दुसऱ्या रकान्यात धरला की तिसऱ्या तिमाहीच्या अहवालात दोन्ही आकडे जुळेनासे होतात.

कवडसा

रानजाईंच्या यादीत मी सगळ्यात वर एक गोष्ट घालेन: सुपरव्हिजनचा खर्च. तो मागितलाच जात नाही, किंवा 'मानद' म्हणून शून्य लिहिला जातो. सेवा बिघडायला सुरुवात तिथूनच होते.

मानसोपचारतज्ज्ञ कमी असतात म्हणून प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्त्यांकडून मदत देण्याची पद्धत आज सर्वत्र प्रस्तावित होते, आणि तिला चांगला आधार आहे. झिंबाब्वेत २००६ साली सुरू झालेल्या 'फ्रेंडशिप बेंच'ची, म्हणजे दवाखान्याच्या आवारातल्या बाकावर प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्त्यांनी बोलून मदत करण्याच्या उपक्रमाची, हरारेतल्या २४ दवाखान्यांत ५७३ रुग्णांवर चाचणी झाली, २०१६ साली निष्कर्ष छापून आले, आणि सहा महिन्यांनंतर लक्षणं स्पष्टपणे कमी दिसली. जागतिक आरोग्य संघटनेची 'प्रॉब्लेम मॅनेजमेंट प्लस' ही आठवड्याला एक अशी ९० मिनिटांच्या पाच सेशनची पद्धतही मानसोपचाराचं शिक्षण नसलेल्या कार्यकर्त्यांसाठीच बेतलेली आहे. प्रस्तावांत या दोन्हींची नावं येतात, सेशनची संख्या उतरवली जाते, आणि त्यामागचं प्रशिक्षण व नियमित देखरेख मात्र गळून जाते. पद्धतीतला महाग भाग तोच असतो आणि परिणामही बराचसा त्याच्यावरच उभा असतो.

सहा कार्यकर्त्यांसाठी हिशेब असा. दर आठवड्याला दोन तासांची गटबैठक. प्रत्येकाशी पंधरा दिवसांतून एक तास स्वतंत्र, म्हणजे आठवड्याला तीन तास. प्रत्येकाच्या एका सेशनचं ध्वनिमुद्रण अर्धा तास ऐकणं, आणखी तीन तास. झाले आठ. शिवाय नोंदी तपासणं, तातडीचे फोन, टोकाच्या प्रसंगी स्वतः बोलणं, असे तीन-चार तास. मिळून आठवड्याला दीड दिवस. बजेटमध्ये ओळ अशी लिहा: 'क्लिनिकल सुपरव्हायझर, ०.३ पद, १२ महिने'. ध्वनिमुद्रणाला वेगळी लेखी संमती लागते. सेवा घेण्याच्या संमतीतच ती मिसळू नका. 'नाही' म्हणणाऱ्याला सेवा तशीच मिळाली पाहिजे.

ही ओळ काढली की काय होतं? कार्यकर्ता हळूहळू शिकवलेल्या पायऱ्या सोडून सल्ले द्यायला लागतो. आत्महत्येचा विचार बोलून दाखवणारा माणूस समोर आला की ते ओझं एकटाच घरी नेतो. सहा-आठ महिन्यांत निम्मे सोडून जातात, आणि प्रशिक्षणाचा खर्च पुन्हा पहिल्यापासून.

अबोली

पण निधी देणारे पगारावर मर्यादा घालतात. सुपरव्हायझरला 'प्रशासकीय' धरलं तर?

ताळेबंद

धरू देऊ नका. ज्या सेशनवर देखरेख होते ती सेशन प्रकल्पाची आहेत, म्हणून हा थेट कार्यक्रम खर्च. बजेटच्या टिपेत एक वाक्य पुरतं: "सहा कार्यकर्त्यांच्या सेशनवर आठवड्याला १२ तास क्लिनिकल देखरेख, हिच्याशिवाय सेवा सुरक्षितपणे देता येत नाही." या कामात माणसाचा वेळ हीच सेवा आहे. पगारांचा वाटा तीन-चतुर्थांशावर गेला तर तसं सरळ लिहा आणि कारण द्या.

खरा प्रशासकीय खर्च, म्हणजे कार्यालयाचं भाडं, लेखापाल, ऑडिट, विमा, तो वाटायचा आधार आधी ठरवा आणि सगळ्या अनुदानांना तोच लावा. संस्थेत १० पदं, त्यातली ३ या प्रकल्पाची, तर भाड्याचे ३० टक्के इथे. समुपदेशनाच्या खोलीचं भाडं थेट लावता येतं, लेखापालाचे तासही टाइमशीट असेल तर थेट लागतात. मात्र एकच खर्च थेट खात्यातही आणि टक्केवारीतही घातला की ऑडिटचा आक्षेप ठरलेला. आणि प्रत्यक्ष खर्च १८ टक्के येत असताना मर्यादा १० टक्क्यांची असेल, तर उरलेले ८ टक्के कुठून येणार हे सही करण्याआधी ठरवा. सही झाल्यावर ते पैसे समुपदेशकांच्या पगारातूनच निघतात.

हप्त्यांकडेही बघा. 'आधी खर्च, मग परतावा' या अटीवर अनुदान असेल तर तीन महिन्यांचा खर्च आधी तुमचा. अहवाल आणि बिलं जुळवायला १५ दिवस, त्यांच्या तपासणीला ४५ दिवस. पहिला पैसा हातात येईपर्यंत पाच महिन्यांचे पगार संस्थेने उभे करायचे. एवढी गंगाजळी नसेल तर करारापूर्वी २५ ते ३० टक्के आगाऊ हप्ता मागा. करार झाल्यावर ही मागणी सहसा कुणी ऐकत नाही.

खडूफळा

मोजमापाबद्दल लिहितो. नैराश्यासाठी पीएचक्यू-९ आणि चिंतेसाठी जीएडी-७ या प्रश्नावल्या वापरायला परवाना किंवा शुल्क लागत नाही, अनेक भाषांतली भाषांतरं तयार आहेत. स्वतः घरी भाषांतर करू नका, गुणांचा अर्थ बदलतो. पीएचक्यू-९ मध्ये नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांबद्दल, प्रत्येकाला ० ते ३, एकूण ० ते २७. नैराश्य सौम्य ते तीव्र ठरवण्याच्या पायऱ्या ५, १०, १५ आणि २०. पाच गुणांचा फरक अर्थपूर्ण धरतात. प्रस्तावात "लोकांचं मानसिक स्वास्थ्य सुधारेल" असं लिहिण्याऐवजी असं लिहा: "सुरुवातीला १० किंवा जास्त गुण असलेल्या आणि किमान चार सेशन घेतलेल्यांपैकी निम्म्या व्यक्तींचे गुण पाच किंवा जास्तने उतरतील, नोंद पहिल्या आणि शेवटच्या सेशनला."

दोन चुका टाळा. एक, लोक सगळ्यात वाईट काळातच मदत मागायला येतात, त्यामुळे काही गुण आपोआपही उतरतात. उतरलेला प्रत्येक गुण प्रकल्पाच्या खात्यावर टाकू नका. दुसरी, शेवटची नोंद फक्त टिकून राहिलेल्यांची होते. १०० जण आले आणि ४० जणांचे शेवटचे गुण आहेत, तर अहवालात '४० पैकी ३० जणांचे गुण उतरले' असं लिहा, आणि शेजारी '६० जणांची नोंद नाही' हेही लिहा. फोनवर संपर्क करून त्या ६० पैकी २० जणांचे गुण मिळवायला किती तास लागतील ते बजेटमध्ये घाला.

कवडसा

खडूफळा, याला एक जोड अत्यंत गरजेची आहे. पीएचक्यू-९ चा नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. त्याला ० सोडून कोणतंही उत्तर आलं तर त्याच दिवशी, माणूस जायच्या आधी, प्रशिक्षित व्यक्तीने समोर बसून विचारपूस करायची. एकूण गुण ६ असले तरी. प्रश्नावली ऑनलाइन भरून घेऊन आठवड्याने एकत्र तपासणं धोक्याचं आहे. तसं करणार असाल तर नववा प्रश्न तरी लगेच कुणाच्या नजरेस पडेल अशी सोय हवी. ती जमत नसेल तर ही प्रश्नावली समोरासमोरच भरून घ्या.

प्रस्तावाला एक पानाचा जोखीम-आराखडा जोडा. धोका कोण ओळखणार, पहिला फोन कुणाला, तो न लागल्यास दुसरा कुणाला, कोणत्या रुग्णालयाशी बोलणं झालं आहे, सोबत कोण जाणार, वाहनाचा खर्च कुठल्या ओळीतून, आणि ४८ तासांच्या आत पुन्हा संपर्क कोण करणार. नावं नकोत, पदं लिहा. 'गरजेनुसार तज्ज्ञांकडे पाठवू' हे वाक्य आराखड्याच्या जागी चालत नाही.

सांजवात

मोजमापाबाबत थोडी असहमती नोंदवते. अनुदान जर 'सेवेपर्यंत पोहोच' वाढवण्यासाठी असेल तर मुख्य निर्देशक पोहोचीचाच हवा. पहिल्या संपर्कापासून पहिल्या सेशनपर्यंत किती दिवस गेले, सात दिवसांत किती जणांना भेट मिळाली, पहिल्या भेटीनंतर दुसरीला किती जण आले, आणि आधी वगळले जाणारे (अपंग व्यक्ती, वृद्ध, रात्रपाळीचे कामगार) यांचं प्रमाण किती. लक्षणांचे गुण दुय्यम ठेवा. छोट्या संस्थेच्या हातात प्रतीक्षेचे दिवस असतात. माणसाचं नैराश्य नोकरी, कर्ज, घरातली मारहाण यांवरही अवलंबून असतं.

शिवाय स्किझोफ्रेनियासारख्या दीर्घ आजारात पीएचक्यू-९ फारसं काही सांगत नाही. तिथे दैनंदिन कामकाज मोजणारी, १२ प्रश्नांची डब्ल्यूएचओडास २.० ही जागतिक आरोग्य संघटनेची प्रश्नावली घ्या. ती मागच्या ३० दिवसांबद्दल विचारते.

खडूफळा

पोहोच मुख्य हे मान्य. पण गुण अजिबात नसले तर सेवा पोहोचली आणि उपयोग झाला नाही, हे कळायला मार्ग राहत नाही. तीन निर्देशक पोहोचीचे आणि एक लक्षणांचा ठेवावा. पाचापेक्षा जास्त नकोत, कारण नोंदी समुपदेशकच भरतात आणि प्रत्येक नवा रकाना सेशनचा वेळ खातो.

अबोली

सहकार्याची पत्रं कशी घ्यावीत? बहुतेक ठिकाणी 'संस्थेचं कार्य स्तुत्य आहे, शुभेच्छा' अशीच मिळतात.

रानजाई

अशा पत्राचा उपयोग होत नाही. मसुदा तुम्हीच करून द्या, त्यांना दुरुस्ती करू द्या. दवाखान्याच्या पत्रात असं काही हवं: "दर मंगळवारी व शुक्रवारी दुपारी २ ते ५ या वेळेत दार बंद होणारी एक खोली समुपदेशनासाठी उपलब्ध राहील. बाह्यरुग्ण विभागातून आठवड्याला अंदाजे ८ व्यक्ती पाठवल्या जातील. औषधोपचाराची गरज असलेल्या व्यक्तींना वैद्यकीय अधिकारी त्याच दिवशी तपासतील. संपर्क: वरिष्ठ परिचारिका." दिवस, वेळ, संख्या, पद. 'दार बंद होणारी' हे शब्द मुद्दाम. पडद्याआडच्या कोपऱ्यात कुणी मन मोकळं करत नाही, आणि हे काम सुरू झाल्यावर लक्षात येतं.

पत्रातले आठ आणि तुमच्या हिशेबातली सेशन जुळतात का तेही पाहा. आठवड्याला ८ नवी माणसं, प्रत्येकी ४ सेशन, म्हणजे ३२ वेळा. दोन समुपदेशकांच्या ४० पैकी ३० वेळाच प्रत्यक्ष भरतात. पाचव्या-सहाव्या आठवड्यापासून प्रतीक्षायादी लागायला लागेल. ती कशी चालवणार, थांबलेल्यांना मधे कोण फोन करणार, हे प्रस्तावात हवं.

सांजवात

फोटोंचा मुद्दा राहिला. अहवालात 'लाभार्थ्यांची छायाचित्रं व यशोगाथा' मागितल्या जातात. सेवा घेणाऱ्याचा चेहरा देऊ नका, संमती मिळाली तरी. जो मदत देतो त्याला नाही म्हणणं अवघड असतं, आणि आज दिलेली संमती पाच वर्षांनी लग्नाच्या किंवा नोकरीच्या वेळी नको वाटू शकते. पर्याय करारातच लिहून घ्या: रिकाम्या खोलीचे, कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणाचे फोटो. अनेक व्यक्तींच्या अनुभवांवरून रचलेली कथा दिली तर ती तशी रचलेली आहे हे वर नमूद करा. तक्त्यांतही काळजी घ्या. एखाद्या छोट्या वस्तीत 'पुरुष, ६० वर्षांवरील, आत्महत्येचा प्रयत्न: १' अशी नोंद छापली की तो कोण हे सगळ्यांना कळतं. पाचापेक्षा कमी संख्या असेल तर 'पाचापेक्षा कमी' लिहा किंवा गट एकत्र करा.

शब्दांकडेही लक्ष असू द्या. प्रस्तावात 'मनोरुग्ण', 'वेडसर', 'पीडित' असे शब्द येतात आणि तेच पुढे पत्रकांत उतरतात. 'मानसिक आजार असलेली व्यक्ती' लांब आहे, पण तेच लिहा.

अबोली

शेवटचा प्रश्न. अनुदान संपल्यानंतरच्या 'शाश्वतते'बद्दल काय लिहावं?

ताळेबंद

'इतर देणगीदारांकडून निधी उभारू' हे सगळेच लिहितात. त्याऐवजी कोणता खर्च कायमचा आणि कोणता एकदाच, हे वेगळं दाखवा. प्रशिक्षण, साहित्य, खोलीची दुरुस्ती एकदाच. समुपदेशक आणि सुपरव्हायझर कायमचे. कायमच्या खर्चातला कोणता भाग दुसरं कोण, कोणत्या महिन्यापासून उचलेल, हे लिहा. उचलणारं कुणी नसेल तर सेवा किती लहान करून चालू राहील तो आकडा द्या.

कवडसा

आणि सेवा थांबवण्याचा आराखडाही द्या. तो मागितलेला नसला तरी. १८ महिन्यांचा प्रकल्प असेल तर १५ व्या महिन्यापासून दीर्घ मदत लागेल अशी नवी माणसं घेणं थांबवायचं आणि त्यांना सुरुवातीपासूनच दुसरीकडे जोडून द्यायचं. चालू असलेल्या प्रत्येकाला शेवटच्या सेशनची तारीख किमान सहा आठवडे आधी सांगायची. पुढे ज्यांच्याकडे पाठवायचं त्यांच्यासोबत एक संयुक्त भेट ठेवायची. नोंदी कुठे, किती वर्षं, कुणाच्या कुलुपात राहणार ते लिहायचं. शेवटच्या तीन महिन्यांत सेशनची संख्या उतरेल, म्हणून उद्दिष्टाच्या तक्त्यात ती आधीच उतरती दाखवा, आणि सुपरव्हायझरचं ०.३ पद मात्र शेवटच्या दिवसापर्यंत तसंच ठेवा. निरोपाच्या सेशनना देखरेख जास्त लागते.